चौदा प्रवेशपत्रे, शून्य विद्यार्थी : बर्कलीच्या बोल्ट हॉलचे प्रकरण

१९९७ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या लॉ स्कूलमध्ये नवी तुकडी दाखल झाली. या लॉ स्कूलला तेव्हा सगळे ‘बोल्ट हॉल’ म्हणत. तुकडीत सुमारे २७० विद्यार्थी होते आणि त्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थी एक. तोही त्या वर्षीच्या यादीतला नव्हता. त्याला आदल्या वर्षी, जुन्या नियमांनुसार प्रवेश मिळाला होता आणि त्याने एक वर्ष थांबायची परवानगी घेतली होती. १९९७ च्या यादीत चौदा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला होता. त्या चौदांपैकी एकही आला नाही.

या प्रकरणाबद्दल बोलताना बहुतेक जण ७५ आणि १४ हे आकडे देतात. १९९६ साली ७५ कृष्णवर्णीयांना प्रवेश देऊ केला होता, नियम बदलल्यावर तो आकडा १४ वर आला. ही घसरण मोठी आहेच. पण मला अधिक बोलका वाटतो तो चौदावरून शून्यावर जाण्याचा प्रवास. ७५ चे १४ झाले ते नियमामुळे. १४ चे शून्य झाले ते त्या चौदा घरांत घेतलेल्या निर्णयांमुळे. नियमाचा परिणाम न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत तपासला जातो. घरातला निर्णय कोणी तपासत नाही, आणि पैशाचा प्रश्न नेमका तिथेच दडलेला असतो.

ही कोणती ‘डॉक्टरेट’?

आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायदा शिकून एल.एल.बी. होता येते. अमेरिकेत आधी चार वर्षांची कोणतीही पदवी घ्यावी लागते आणि त्यानंतर तीन वर्षांचा ‘ज्युरिस डॉक्टर’ म्हणजे जे.डी. हा अभ्यासक्रम करावा लागतो. नावात डॉक्टर असले तरी ही पीएच.डी. नाही, प्रबंध लिहावा लागत नाही. १९६० च्या दशकापर्यंत तिथेही या पदवीला बहुतेक ठिकाणी एल.एल.बी.च म्हणत. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला तिथे बहुधा फीमाफी आणि वर महिन्याचे विद्यावेतन मिळते. जे.डी.च्या विद्यार्थ्याला असे काही सहसा मिळत नाही. त्याला फी भरावी लागते, आणि ती बहुधा कर्ज काढूनच भरली जाते. म्हणजे पहिल्या पदवीचे कर्ज डोक्यावर असताना दुसरे कर्ज. वकिलीच्या परवान्याची वाट बहुतेक राज्यांत याच पदवीतून जात असल्यामुळे, या फीला कोण घाबरले यावरून पुढे न्यायाधीश कोण होणार, सरकारी वकील कोण होणार हे ठरते.

दोन वर्षांत बदललेले नियम

मराठी वाचकाच्या मनात इथे लगेच आरक्षण येईल, म्हणून एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अमेरिकेत तेव्हा राखीव जागा नव्हत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाविरुद्ध ॲलन बाकी या अर्जदाराने लढवलेल्या खटल्यात, १९७८ साली, सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक जागा बाजूला काढणे अवैध ठरवले होते. वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहता येईल, इतकीच मुभा उरली होती. बोल्ट हॉलने त्या मुभेची रेघ ओलांडल्याचा ठपका संघीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने १९९२ मध्ये ठेवला होता, कारण अर्ज आणि प्रतीक्षायाद्या वंशानुसार वेगवेगळ्या हाताळल्या जात होत्या. लॉ स्कूलने तडजोड करून पद्धत सुधारली. हे मी मुद्दाम नोंदवतो. जुनी व्यवस्था निर्दोष होती असे मानून या प्रकरणाचा अभ्यास केला तर तो अर्धाच होतो.

जुलै १९९५ मध्ये विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या रीजंट्स मंडळाने, वॉर्ड कॉनर्ली या सदस्याच्या पुढाकाराने आणि गव्हर्नर पीट विल्सन यांच्या पाठिंब्याने, प्रवेशात वंश पाहायचा नाही असा ठराव केला. व्यावसायिक शाखांना तो १९९७ च्या प्रवेशांपासून लागू झाला. नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन २०९’ मंजूर करून हीच बंदी कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत घातली. डिसेंबरमध्ये संघीय न्यायाधीश थेल्टन हेन्डरसन यांनी तिला अंतरिम स्थगिती दिली. हेन्डरसन हे बोल्ट हॉलचेच, १९६२ चे पदवीधर. त्यांच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी दोनच होते. वरच्या न्यायालयाने एप्रिल १९९७ मध्ये ती स्थगिती उठवली. पस्तीस वर्षांनंतर त्याच लॉ स्कूलमध्ये दोनाचा एक झालेला त्यांना पाहावा लागला.

चौदा घरांतला हिशेब

चौदा जण का आले नाहीत याची दोन कारणे तेव्हा सर्रास दिली गेली. एक, एकट्याने जायला कोणाला आवडेल? हे खरेच आहे. अडीचशे जणांच्या वर्गात प्रत्येक वेळी ‘तुमच्या समाजाला काय वाटते’ हे एकाच चेहऱ्याकडे पाहून विचारले जाणार असेल, तर तीन वर्षे तिथे काढणे जिवावर येते. दुसरे कारण असे, की त्याच विद्यार्थ्यांना हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड या खासगी संस्थांचीही पत्रे आलेली असत. बंदी कॅलिफोर्नियाच्या सरकारी संस्थांवर होती, खासगी संस्था मोकळ्या होत्या.

या दुसऱ्या कारणाच्या पोटात पैसा आहे. बोल्ट हॉल सरकारी असल्याने तिथली फी खासगीच्या निम्म्याहूनही कमी होती, १९९० च्या दशकाच्या मध्यावर राज्यातल्या रहिवाशांसाठी साधारण दहा हजार डॉलरच्या आसपास. एरवी हीच बर्कलीची ताकद. सामान्य घरातली मुलगी खासगी संस्थेचे नाव सोडून बर्कलीला यायची ती या फरकामुळे. पण खासगी संस्थेने भरघोस शिष्यवृत्ती देऊ केली की हा फरक पुसला जातो. आणि वंश लक्षात घेऊन दिलेली शिष्यवृत्ती प्रपोझिशन २०९ मुळे सरकारी संस्थेला देता येईनाशी झाली. म्हणजे प्रवेशाच्या दारावर बंदी आली तेव्हाच, दारातून आत बोलावण्यासाठी लागणारा हातही बांधला गेला. जाहीर चर्चा पहिल्या बंदीची झाली, दुसरीची फार कमी.

हर्मा हिल के तेव्हा डीन होत्या, या लॉ स्कूलच्या पहिल्या स्त्री डीन. त्यांच्या काळात प्राध्यापकांनी प्रवेशाची पद्धत तपासली, तेव्हा एक नको ती गोष्ट हाती लागली. अर्जदाराचे पदवीचे गुण जसेच्या तसे न घेता, त्याचे कॉलेज कोणते यावरून ते वरखाली केले जात होते. नामवंत खासगी कॉलेजातल्या मुलाचे गुण वर जात आणि राज्यातल्या साध्या सरकारी कॉलेजात, बहुधा नोकरी करत शिकलेल्याचे खाली. वंशाकडे न पाहणारे हे सूत्र होते, पण घरच्या ऐपतीकडे मात्र ते नीट पाहत होते. ते बंद झाले. ‘एलसॅट’ या प्रवेशपरीक्षेच्या एकेका गुणाचे महत्त्वही कमी केले गेले. तरी पुढच्या वर्षी दाखल झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आकडा एकेरीतच राहिला.

पुढे बर्कलीच्याच मार्जरी शुल्ट्झ आणि शेल्डन झेडेक यांनी, एक कायद्याच्या आणि एक मानसशास्त्राचे प्राध्यापक, चांगल्या वकिलाच्या अंगी काय लागते याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी २६ गुण काढले : ऐकून घेणे, वाटाघाटी करणे, दडपणाखाली टिकणे वगैरे. एलसॅट यांतल्या फार थोड्या गुणांचा अंदाज देते, आणि बाकीचे मोजायला ज्या चाचण्या वापरता येतील त्यांत वंशावंशातली तफावत कमी दिसते, असे त्यांना आढळले. काम मोलाचे होते. पण देशभरच्या प्रवेशपद्धती जागच्या हलल्या नाहीत, कारण लॉ स्कूलांची क्रमवारी दाखल विद्यार्थ्यांच्या एलसॅटच्या मधल्या गुणावर (मध्यकावर) चालत होती.

फीची चढण

इथून प्रकरणाचा तो भाग सुरू होतो ज्याची बातमी कधी एका दिवसात होत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठ अनेक दशके अभिमानाने सांगत असे की राज्यातल्या विद्यार्थ्याकडून आम्ही ‘ट्यूशन’ घेत नाही, फक्त ‘फी’ घेतो. शब्दांचा खेळ वाटतो, पण त्यामागे एक विचार होता : शिकवण्याचा खर्च राज्याने उचलायचा. १९९४ पासून कायद्यासारख्या व्यावसायिक शाखांना वेगळी जादा फी लागली. राज्याचा खजिना आटला की ती वाढे, खजिना भरला तरी उतरत नसे. २००३ च्या सुमाराला ती अशी झपाट्याने वाढली की विद्यार्थी न्यायालयात गेले. तुमच्या संपूर्ण शिक्षणकाळात ही फी वाढणार नाही, असे विद्यापीठाने स्वतःच्या संकेतस्थळावर लिहून ठेवले होते. बोल्ट हॉलच्याच एका विद्यार्थ्याच्या नावाने चाललेल्या काश्मिरी विरुद्ध रीजंट्स या खटल्यात न्यायालयाने ते लेखी आश्वासन करारासारखे बंधनकारक मानले. विद्यापीठाला सुमारे ३ कोटी ३८ लाख डॉलर द्यावे लागले, आणि २००७ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. वर्गात करारकायदा शिकणाऱ्या मुलांनी तो आपल्याच विद्यापीठावर लावून दाखवला, याचे मला आजही कौतुक वाटते. पण विद्यापीठाने त्यातून जो बोध घेतला तो फी स्थिर ठेवण्याचा नव्हता. नव्या तुकड्यांना फक्त तसे आश्वासन मिळेनासे झाले.

२०१० मध्ये रीजंट्सनी ‘फी’ हा शब्द सोडून अधिकृतपणे ‘ट्यूशन’ म्हणायला सुरुवात केली. २०१२ च्या आसपास बर्कली लॉची वर्षाची फी रहिवाशांसाठीसुद्धा ४५ हजार डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे खासगी संस्थांच्या जवळपास. आता ती साठ हजारांच्या आसपास आहे. त्यात सॅन फ्रान्सिस्को बे एरियातले घरभाडे आणि जेवणखाण धरले तर वर्षाचा खर्च लाख डॉलरच्या घरात जातो.

या चढणीच्या बऱ्याच भागात ख्रिस्तोफर एडली डीन होते, २००४ ते २०१३. नागरी हक्कांच्या चळवळीशी नाते सांगणारा, स्वतः कृष्णवर्णीय असलेला हा माणूस फीवाढीच्या बाजूने उभा राहिला. त्यांचा हिशेब असा होता : राज्य पैसे देणार नाही हे आता मान्य करा. ज्यांना परवडते त्यांच्याकडून पूर्ण फी घ्या, त्यातला मोठा वाटा गरजूंना द्या. चांगले प्राध्यापक टिकवले नाहीत तर गरीब मुलांना स्वस्तात मिळेल ती घसरलेली संस्था. विद्यापीठाचा नियमही होता की जादा व्यावसायिक फीच्या किमान ३३ टक्क्यांइतकी रक्कम विद्यार्थी-साहाय्यावर खर्च व्हावी. शिवाय पदवीनंतर कमी पगाराच्या लोकसेवेत जाणाऱ्यांचे कर्जहप्ते संस्थेने भरण्याची योजना त्यांनी बरीच उदार केली. २००७ च्या संघीय कायद्याने सार्वजनिक सेवेत १२० हप्ते भरणाऱ्यांचे उरलेले कर्ज माफ करण्याची सोय केली होती. दोन्ही जोडले तर सरकारी वकील होणाऱ्याला पदवी जवळपास फुकट पडू शकते.

एडलींच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यांच्या हिशेबात चूक आहे ती वेळेची. मदत नंतर मिळणार, किंमत आज दिसणार. ज्याच्या घरात वकील काका आहे त्याला माहीत असते की छापील फी हा बोलीचा पहिला आकडा असतो. दुसऱ्या संस्थेचे शिष्यवृत्तीपत्र दाखवले की हा आकडा उतरतो, आणि हप्ते भरण्याची योजना विश्वासाची आहे. ज्याच्या घरात कॉलेजात जाणारा तोच पहिला, त्याच्या आईला दोन लाख डॉलर कर्ज एवढेच दिसते. दहा वर्षे ठरावीक प्रकारची नोकरी टिकली, नियम बदलले नाहीत, अर्जात चूक झाली नाही, तर माफी मिळेल, हे वाक्य ज्यांना सरकारी आश्वासनांचा अनुभव आहे त्यांना सांगून पाहावे. महाराष्ट्रात ‘फ्रीशिप’ची रक्कम खात्यात येईपर्यंत कॉलेजच्या ऑफिसात चकरा मारलेल्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगायला नको.

शिष्यवृत्त्यांचेही तसेच झाले. क्रमवारीत वर राहायचे तर एलसॅटचा मधला गुण वर हवा, म्हणून देशभरच्या लॉ स्कूलनी शिष्यवृत्तीचा पैसा गरजेपेक्षा गुणांकडे वळवला. चांगले गुण बहुधा त्यांचे, ज्यांना महागडे क्लास परवडतात. मग कमी गुणांवर आत आलेला विद्यार्थी पूर्ण फी भरतो आणि त्या फीतून शेजारच्या बाकावरच्या सुखवस्तू मुलाची शिष्यवृत्ती निघते. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डने ‘यू.एस. न्यूज’च्या क्रमवारीतून अंग काढून घेतले, पाठोपाठ बर्कलीचे डीन अर्विन चेमेरिन्स्की यांनीही. गरजूंना मदत करणाऱ्या आणि लोकसेवेत पाठवणाऱ्या संस्थांना ही क्रमवारी शिक्षा करते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

फुकट दिले तर?

याच चेमेरिन्स्कींनी २००९ मध्ये, संस्थापक डीन म्हणून, अर्व्हाइन इथले लॉ स्कूल सुरू केले होते. विद्यापीठ तेच, प्रपोझिशन २०९ ची बंदीही तीच. पहिल्या साठ विद्यार्थ्यांना तिन्ही वर्षांची फी माफ. लॉ स्कूलला तेव्हा मान्यतासुद्धा मिळालेली नव्हती, ग्रंथालय नवे, माजी विद्यार्थी एकही नाही. तरी अर्ज इतके आले की जेमतेम चार टक्क्यांना प्रवेश देऊ केला गेला, आणि ज्यांना देऊ केला त्यांतले निम्म्याहून अधिक आले. नाव नसलेल्या संस्थेला हे जमले ते किंमत पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत शून्य सांगितल्यामुळे. पुढच्या तुकड्यांची सवलत टप्प्याटप्प्याने कमी झाली, कारण तो पैसा देणग्यांचा होता. २०२२ मध्ये येलने दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या जे.डी. विद्यार्थ्यांची पूर्ण फी माफ करण्याची योजना आणली. येलच्या तिजोरीला ते झेपते. सरकारी लॉ स्कूलकडे तशी तिजोरी नाही, आणि ज्या राज्याच्या तिजोरीवर ते उभे राहिले त्याने हात आखडता घेतलेला.

आपल्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी दाखल झाले होते, प्रवेश मिळालेला होता, बुद्धीबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेली उसनवारी यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मधली तीन वर्षे त्यांना अडवले होते ते निव्वळ पैशाने. राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती आज शाहू महाराजांच्याच नावाने दिली जाते, आणि ती निघण्याआधीच फीची तारीख उलटून जाईल की काय ही धाकधूक आजच्या मुलांनाही असते.

सारा देश बर्कली झाला

कॅलिफोर्नियाच्या मतदारांना २०२० मध्ये प्रपोझिशन १६ द्वारे बंदी उठवण्याची संधी होती. सुमारे ५७ टक्क्यांनी नकार दिला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लॉ स्कूलने इमारतीवरून ‘बोल्ट’ हे नाव उतरवले होते, कारण ज्या जॉन बोल्ट यांच्या नावाने ती होती त्यांनी १८७७ मध्ये चिनी स्थलांतरितांविरुद्ध केलेले विषारी भाषण उजेडात आले होते. नाव काढणे योग्यच होते, फी भरणाऱ्याला मात्र त्याने फरक पडला नाही.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात वंश पाहून प्रवेश देणे देशभर बंद केले. त्या खटल्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाने न्यायालयाला सांगितले होते की वंश न पाहता विविधता राखण्यासाठी आम्ही २००४ पासून पन्नास कोटींहून अधिक डॉलर खर्चले आणि तरी पुरे पडलो नाही. २०२४ च्या शरदात हार्वर्ड लॉच्या पहिल्या वर्षाला १९ कृष्णवर्णीय विद्यार्थी आले, आदल्या वर्षी ४३ होते. सगळीकडे अशीच घसरण झाली असे नाही, स्टॅनफर्डमध्ये त्याच वर्षी संख्या वाढली. म्हणूनच नियमापलीकडे काय घडते हे पाहणे भाग आहे.

आणि नियमापलीकडे आता कर्जाचे दारही अरुंद होत आहे. २००६ पासून संघीय ‘ग्रॅड प्लस’ कर्जातून शिक्षणाचा संपूर्ण खर्च उचलता येत असे. या सोयीने फी वाढवायला लॉ स्कूल निर्धास्त झाली, हा आरोप मला पटतो. पण जुलै २०२५ च्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना हे कर्ज बंद होते. व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर ही संघीय कर्जाची मर्यादा राहील. बर्कलीसारख्या ठिकाणी ५० हजारांत रहिवाशाची फीसुद्धा पूर्ण भरत नाही, घरभाडे दूरच. उरलेल्यासाठी खासगी कर्ज काढायचे तर जामीनदार लागतो, चांगली पत असलेला. ज्या घरात तसा माणूस नाही त्या घरातला विद्यार्थी प्रवेशपत्र हातात असून थांबेल, आणि खासगी कर्जाला सार्वजनिक सेवेची ती १२० हप्त्यांची माफीही लागू नसते. मोठ्या लॉ फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार सव्वादोन लाख डॉलर असताना, कर्ज घेऊन आलेला मुलगा गरिबांची वकिली कशी निवडेल?

अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार प्रत्येक लॉ स्कूल दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करते. अर्ज किती, प्रवेश किती, दाखल किती, त्यांत कोणत्या वंशाचे किती, शिष्यवृत्ती किती जणांना आणि साधारण किती रकमेची. ती शिष्यवृत्ती कोणत्या वंशाच्या, किती उत्पन्नाच्या घरांत गेली, हा रकाना त्यात नाही. पत्र मिळूनही जे आले नाहीत त्यांनी नकार देताना काय कारण सांगितले, यासाठीही नाही. १९९७ च्या त्या चौदा जणांना दुसरीकडे किती मदत मिळाली, बर्कलीने किती देऊ केली होती आणि दोहोंत अंतर किती होते, हे तीन आकडे त्याच वर्षी मांडले गेले असते तर पुढची पंचवीस वर्षे फीचा प्रश्न आणि विविधतेचा प्रश्न दोन वेगवेगळ्या समित्यांपुढे गेला नसता.